परदेशी पाहुणा आपल्या मांडवात



आज मी आपल्याशी एका पाहुण्याविषयी बोलणार आहे. हा पाहुणा सातासमुद्रांपलीकडून येतो, दोन-तीन वर्षे आपल्या भागात राहतो आणि पुन्हा आपल्या देशी निघून जातो. कारखान्यात त्याचे काम काय, त्याला पगार किती, या गोष्टी आज बाजूला ठेवू. कामाचे तास संपले, सुटीचा दिवस आला, की हा माणूस कोठे जातो, कोणाकडे जातो, तेथे काय पाहतो, आणि आपण त्याला काय सांगतो, एवढाच आजचा विषय आहे. विषय वरवर हलका वाटेल. पण जरा आत शिरले, की त्यात आपल्या लग्नाकार्याचा, आपल्या खेळांचा आणि आपल्या शेजारधर्माचा हिशेब दडलेला आहे, असे आपल्याला दिसून येईल.

चाकण म्हटले, की आपल्या वाडवडिलांना दोन गोष्टी आठवत. एक संग्रामदुर्ग, जो १६६० साली फिरंगोजी नरसाळ्यांनी शाइस्तेखानाच्या फौजेविरुद्ध पन्नासहून अधिक दिवस झुंजवला. आणि दुसरा कांद्याचा बाजार. बाजार आजही भरतो. पण आता चाकण म्हटले, की डोळ्यांपुढे मोटारींचे कारखाने येतात. मर्सिडीज-बेंझ ही जर्मन कंपनी १९९५ साली प्रथम पिंपरीत, टेल्कोच्या आवारात काम करू लागली आणि २००९ साली चाकणला आली. फोक्सवॅगनचा कारखानाही त्याच वर्षी सुरू झाला. शेजारी तळेगावला अमेरिकन जनरल मोटर्सचा कारखाना होता, तो आता कोरियाच्या ह्युंदाईकडे आला आहे. या मोठ्या कारखान्यांच्या पाठोपाठ सुटे भाग करणारे लहानमोठे कारखाने आले, आणि त्यांच्याबरोबर जर्मन, जपानी, कोरियन माणसे आली. निघोजे, महाळुंगे, खालुंब्रे, कुरुळी या गावांच्या शिवारात ज्वारी-बाजरीच्या ताटांतून वाट काढणारी माणसे आता या पाहुण्यांच्या मोटारींना वाट देतात.

पिंपरी-चिंचवडला तर ही माणसे त्याच्याही आधीपासून माहीत आहेत. १९५४ साली पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा पेनिसिलीनचा कारखाना उभा राहिला, तो जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने. पुढे १९६०च्या दशकात चिंचवडला एस.के.एफ. आणि दापोडीला सँडविक या स्वीडनच्या कंपन्यांचे कारखाने चालू झाले. म्हणजे आपल्या आजोबांनी स्वीडिश साहेब पाहिला, वडिलांनी जर्मन पाहिला आणि मुले आता कोरियन पाहत आहेत.

पण मंडळी, या भागात हिंडायला येणारा परदेशी माणूस याहूनही जुना आहे. सन १८०० मध्ये कंपनी सरकारच्या मुंबईच्या फौजेतला एडवर्ड मूर नावाचा एक कॅप्टन चिंचवडला आला. त्या वेळी पेशवाई चालू होती. चिंचवडला मोरया गोसावींच्या वंशातील देव महाराजांचे संस्थान होते. गणपतीचा अंश त्या घराण्यात पिढ्यान् पिढ्या चालत येतो, अशी लोकांची श्रद्धा होती. मूरने देवांची भेट घेतली, घराण्याची परंपरा विचारून घेतली, कोणामागून कोण गादीवर बसले ते टिपून ठेवले, आणि त्यावर एक सविस्तर लेख कलकत्त्याच्या ‘एशियाटिक रिसर्चेस’ या ग्रंथमालेत छापला. पुढे १८१० साली त्याने हिंदू देवदेवतांवर एक मोठा सचित्र ग्रंथच प्रसिद्ध केला. त्यातली सगळी मते आज पटतील असे नाही. पण माणूस विचारत होता, ऐकत होता आणि लिहून घेत होता.

मूरनंतर नऊ वर्षांनी, १८०९च्या डिसेंबरात, मारिया ग्रॅहॅम नावाची एक तरुण इंग्रज बाई मुंबईहून पुण्याला निघाली. वाटेत तिने कार्ल्याची लेणी पाहिली आणि चिंचवडलाही ती गेली. गाव तेच, संस्थान तेच. पण १८१२ साली तिचे प्रवासाचे पुस्तक निघाले त्यात चिंचवडचे चित्र अगदी निराळे उतरले. वाड्यात तिला सौंदर्य दिसले नाही, देवांमध्ये तेज दिसले नाही, एकूण प्रकार तिला भोंदूपणाचा वाटला. बाई हुशार होती, बहुश्रुत होती, पुढे विलायतेत लेखिका म्हणून नावाजली. तरीही चिंचवडच्या बाबतीत वाटेवरच्या एका भेटीत डोळ्यांना जे दिसले तेवढ्यावर तिने निकाल दिला.

त्यानंतर १८४८ ते १८५३ या काळात मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड फॉकलंड होते. त्या वेळी गव्हर्नरसाहेबांचा पावसाळ्यातला मुक्काम दापोडीच्या बंगल्यात असे. गणेशखिंडीतला मोठा प्रासाद, जेथे आज पुणे विद्यापीठ आहे, तो नंतरचा. लेडी फॉकलंड यांनीही आपल्या भारतातील दिवसांचे दोन भागांचे पुस्तक लिहिले, ते १८५७ साली निघाले. बागेतली झाडे, घरातले नोकरचाकर, आसपासचे सणवार अशा पुष्कळ गोष्टी त्यांनी टिपल्या आहेत.

हा सारा इतिहास मी का सांगितला? तर एका गोष्टीसाठी. परदेशी माणूस आपल्याकडे येतो, चार ठिकाणी हिंडतो, आणि घरी जाऊन आपल्याविषयी सांगतो. पूर्वी तो पुस्तक लिहीत असे, आता फोनवर चित्रे पाठवतो, एवढाच फरक. पण त्याच्या सांगण्यात मूरची वही उतरणार, की मारियाबाईंचा घाईचा निकाल उतरणार, हे निम्मे त्याच्या स्वभावावर असते आणि निम्मे आपल्यावर. त्याच्याशी कोणी बोलले का? त्याने विचारले त्याचे उत्तर कोणी दिले का?

आता आजच्या मांडवात चला.

आपल्या भागात परदेशी साहेबाला सर्वांत आधी कशाचे आमंत्रण येते, तर लग्नाचे. त्याच्या हाताखाली काम करणाऱ्या एखाद्या मुलाचे लग्न असते, किंवा कारखान्याला सुटा माल पुरवणाऱ्या गृहस्थाच्या मुलीचे. पत्रिका घेऊन चार माणसे जातात. साहेब आनंदाने होकार देतो. पत्रिकेवर मुहूर्त असतो सायंकाळी सहा वाजून पस्तीस मिनिटे. साहेब जर्मन, तो सहा वाजून वीस मिनिटांनी कार्यालयाच्या दारात हजर! आत पाहतो तर खुर्च्या रिकाम्या, वाढपी टेबले मांडताहेत, आणि नवरदेव अजून घोड्यावर बसून मारुतीच्या देवळाकडे निघालेला. पुढे वरातीचा नाच, ध्वनिवर्धकाच्या भिंती, मग व्यासपीठावर पुढाऱ्यांची आशीर्वादपर भाषणे. एक आमदार झाले, की माजी आमदार. ते झाले, की सभापती. मुहूर्त बिचारा दाराशी ताटकळत उभा असतो.

माझ्या एका विद्यार्थ्याच्या बहिणीच्या लग्नात मी असाच एक जर्मन इंजिनिअर पाहिला. त्याला मोठ्या सन्मानाने फेटा बांधला होता, गळ्यात हार घातला होता आणि पहिल्या रांगेत मऊ कोचावर बसवले होते. लोक येत, त्याच्या शेजारी उभे राहत, फोटो काढून घेत आणि निघून जात. तासभर हे चालले होते. फोटो शंभर निघाले असतील. पण त्या तासात त्याच्याशी चार वाक्ये कोणी बोलले नाही. देवळात मूर्ती बसवावी तसा तो बसला होता. उलट मूर्तीला निदान नैवेद्य तरी वेळेवर मिळतो.

शेवटी मुलीचे आजोबा काठी टेकीत आले. धोतर, सदरा, डोक्याला फेटा. त्यांनी साहेबाच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “पाव्हणं, हितं बसून काय दिसतंय? चला म्होरं, अक्षता टाकायला.” साहेबाला मराठी येत नव्हते, आजोबांना इंग्रजी येत नव्हते. पण साहेब उठला! माझा विद्यार्थी दुभाषी म्हणून मध्ये उभा राहिला आणि प्रश्नोत्तरांना सुरुवात झाली.

साहेबाने विचारले, “हे दोघांमध्ये कापड का धरले आहे?”

आजोबा म्हणाले, “ह्यो अंतरपाट. हा खाली आला की दोन घरांमधली भिंत गेली म्हणायची.”

साहेबाने विचारले, “आणि हे तांदूळ कशासाठी?”

आजोबा म्हणाले, “साहेब, भाताचं रोप एका वाफ्यात उगवतं आन् दुसऱ्या खाचरात लावत्यात. तवा ते पोसवतं. लेकीचं बी तसंच.” एवढे बोलून आजोबा क्षणभर गप्प झाले, नात त्यांची होती.

तेव्हा साहेब म्हणाला, “आमच्याकडेही चर्चमधून बाहेर पडणाऱ्या नवरानवरीवर तांदूळ टाकतात. पण का टाकतात, ते मला कोणी कधी सांगितले नव्हते.”

पाहा, त्या एका वाक्याने साहेब आणि आजोबा एका पंगतीला आले. आणि आणखी एक गोष्ट झाली. माझा विद्यार्थी मला नंतर म्हणाला, “सर, अंतरपाट कशाला धरतात हे मलाही ठाऊक नव्हतं. साहेबानं विचारलं म्हणून कळलं.”

श्रोतेहो, परदेशी पाहुण्याचा आपल्याला खरा उपयोग असेल, तर तो हा आहे. तो आपल्याला प्रश्न विचारतो. मंगलाष्टकांच्या अखेरीस भटजी ‘सावधान’ का म्हणतात, असे एखादा विचारील. आपण त्याला समर्थ रामदासांची परंपरेने चालत आलेली कथा सांगावी. बोहल्यावर तो शब्द ऐकून नारायण सावध झाला आणि पळाला, तो समर्थ होऊन परतला. कथा ऐकून साहेबही हसेल, आणि आपल्या मुलांनाही ती पुन्हा एकदा ऐकायला मिळेल.

आणि आपणही त्याला उलट विचारावे. जर्मनीत १८७६ सालापासून सरकारी कचेरीत विवाहाची नोंद झाल्याखेरीज कायद्याने लग्न होत नाही. चर्चमधला विधी ज्याच्या त्याच्या इच्छेचा. तेथे लग्नाच्या आदल्या संध्याकाळी एक गमतीची चाल आहे. मित्र आणि शेजारी जुनी चिनी मातीची भांडी आणून दारात फोडतात, आणि तो कचरा नवरा-नवरीने दोघांनी मिळून झाडून काढायचा! संसारात तुटेल-फुटेल, ते दोघांनी मिळून आवरायचे, असा त्यातला धडा. जपानात जुन्या पद्धतीच्या लग्नात वर आणि वधू तीन पेल्यांतून, प्रत्येकी तीन घोट, असे नऊ घोट घेतात. आणि आहेराची गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे. जपानी माणूस लग्नाला जाताना पाकिटात कोऱ्या नोटा घालतो, आणि दोन सारखे भाग पडतील अशी रक्कम टाळतो. म्हणजे जोडपे दुभंगू नये. आता आपण एकशे एक, पाचशे एक असा आहेर का करतो? वरचा तो एक रुपया कशासाठी? चाकणच्या मांडवातला जपानी पाहुणा हे चटकन ओळखील. आपण मात्र त्याला कधी विचारलेले नसते.

आता खर्चाविषयी दोन शब्द. पाहुणा हळूच विचारतो, “या समारंभाला खर्च किती आला असेल?” येथे आपली जीभ अडखळते. जमिनीचे पैसे आले, त्यातून बंगला झाला, मोटार झाली, आणि उरलेले एका रात्रीच्या रोषणाईत गेले, अशी घरे आपल्या तालुक्यात कमी नाहीत. ज्याच्याकडे जमिनीचे पैसे नाहीत, तो शेजाऱ्याच्या बरोबरीने मांडव घालण्यासाठी कर्ज काढतो. जोतिराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाने १८७३ साली भटजीवाचून, थोड्या खर्चात विवाह लावून दाखवला होता, आणि तो या आपल्याच पुणे जिल्ह्यात. ही गोष्ट पाहुण्याला सांगताना आपल्यालाही ती ऐकू येते, आणि ऐकू आली तर वाईट काय? पाहुण्याला दिपवण्यासाठी म्हणून कोणी खर्च करीत असेल, तर त्याला मी एवढेच सांगेन, की हजार माणसांच्या मांडवाने पाहुणा दिपतो खरा, पण घरी जाऊन सांगतो ती आजोबांची भाताच्या रोपाची गोष्ट.

लग्नानंतर दुसरे ठिकाण शर्यतीचे. आपल्याकडे पाहुण्याला दोन प्रकारच्या शर्यती पाहायला मिळतात. एक पुण्याच्या लष्कर भागातल्या रेसकोर्सवर आणि दुसरी गावच्या यात्रेत, बैलगाड्याच्या घाटात.

पुण्याचे रेसकोर्स इंग्रजी अमदानीत १८३० साली झाले. मुंबईला महालक्ष्मीच्या शर्यती हिवाळ्यात होतात, आणि पुण्याचा हंगाम पावसाळ्यात असतो. हिरवळ, पांढरे कठडे, रंगीबेरंगी सदरे घातलेले जॉकी. तेथे प्रत्येक घोड्याची वंशावळ कागदावर असते. बहुतेक शर्यतींत ज्या घोड्याची कुवत जास्त, त्याच्या पाठीवर वजनही जास्त ठेवतात. म्हणजे सामना बरोबरीचा व्हावा. साहेबाला त्याचा एखादा वरिष्ठ तेथे घेऊन जातो. तेथे त्याला काही नवे वाटत नाही. असेच मैदान त्याच्या देशातही असते.

पण त्याच साहेबाला त्याचा कामगार चैत्रात यात्रेला घेऊन जातो, तेव्हा तो थक्क होतो. निमगावच्या खंडोबाची यात्रा घ्या, किंवा खेड, जुन्नर, आंबेगाव, मावळ या तालुक्यांतली कोणतीही यात्रा घ्या. चढाचा घाट, दोन्ही अंगांना माणसांची भिंत, भंडाऱ्याने पिवळे झालेले आभाळ, आणि चार बैलांचा गाडा. बारी सुटली, की दहा-पंधरा सेकंदांत खेळ संपतो. आणि या गाड्यापुढे काय धावते? घोडी! स्वार घोडी पुढे काढतो आणि बैल तिच्या मागे वाऱ्यासारखे सुटतात. साहेब विचारतो, “शर्यत बैलांची आहे, मग घोडी कशाला?” त्याला सांगावे, की हा भीमेचा मुलूख. या खोऱ्यातल्या भीमथडी घोड्यांनी मराठ्यांच्या फौजा पाठीवर वाहिल्या. या मुलखात बैलाच्या पुढे घोडी धावणे यात नवल नाही.

बक्षिसे पाहूनही साहेब चकित होतो. पूर्वी फेटा, नारळ, ढाल यांवर भागत असे. आता मोटारसायकल, मोटार, इतकेच काय, जे.सी.बी. यंत्रही बक्षीस लागते. बैलाला यंत्राने शेतातून घालवले, आणि बैल धावून यंत्रच जिंकून आणतो!

यानंतर साहेबाचा अवघड प्रश्न येतो. “तुमच्या देशात ही शर्यत काही वर्षे बंद होती, असे मी ऐकले. घोड्यांची मात्र चालू होती. असे का?” याचे उत्तर यात्रेतल्या प्रत्येक माणसाला यायला पाहिजे, म्हणून ते थोडक्यात सांगतो. २०११ साली केंद्र सरकारने अधिसूचना काढून, ज्या प्राण्यांचे खेळ करता येत नाहीत त्यांच्या यादीत वाघ, सिंह, अस्वल, माकड यांच्या जोडीला बैल घातला. घोडा त्या यादीत नव्हता. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जल्लीकट्टू आणि बैलगाडा शर्यतींवर बंदी घातली. २०१७ साली महाराष्ट्र विधिमंडळाने कायद्यात दुरुस्ती केली. ती न्यायालयात अडकली. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अटींवर शर्यतींना परवानगी दिली, आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ही दुरुस्ती वैध ठरवली. म्हणजे साडेसात वर्षे घाट मोकळे होते. त्या काळात शर्यतीचे बैल सांभाळणाऱ्या घरांनी काय सोसले, ते आपण पाहिले आहे.

आता परवानगी मिळाली आहे, ती अटींवर मिळाली आहे. बैलाला काठीने मारायचे नाही, टोचायचे नाही, विजेचा धक्का द्यायचा नाही. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी पाहिजे, जनावराची तपासणी पाहिजे. रेसकोर्सवर जॉकीच्या हातात चाबूक असतो, त्याच्या वापराला मर्यादा असते. आपल्या घाटात तर काठीला मज्जावच आहे. साहेबापुढे मान ताठ ठेवून हे सांगायचे असेल, तर घाटात ते खरे असले पाहिजे. पाहुणा कॅमेरा घेऊन आला म्हणून काठी लपवली, याला नियम पाळणे म्हणत नाहीत. पाहुणा नसतानाही बैल तोच आहे आणि त्याची पाठही तीच आहे.

पैशांच्या पैजेबद्दलही साहेब विचारतो. रेसकोर्सवर परवान्याने पैसे लावता येतात. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ आहे, असे म्हटले. पण म्हणून गावच्या घाटावर, झाडाखाली बसून पैजा लावणे कायदेशीर होत नाही. आणि कायद्याचे सोडा. रेसकोर्स असो की घाट असो, पैजेच्या पायी रान गमावलेली माणसे दोन्हीकडे सापडतात. घोडा जिंकतो, बैल जिंकतो, पैज लावणारा बहुधा हरतो.

मंडळी, इथपर्यंत मी एका पाहुण्याविषयी बोललो. आता दुसऱ्या पाहुण्याविषयी बोलल्यावाचून हे भाषण पुरे होणार नाही.

ज्या कारखान्यात तो जर्मन किंवा कोरियन साहेब काम करतो, त्याच कारखान्याच्या दुसऱ्या पाळीत बिहारचा, उत्तर प्रदेशाचा, ओडिशाचा, आपल्या मराठवाड्या-विदर्भाचा मुलगा काम करतो. तोही घरापासून दूर आहे. त्यालाही आपली भाषा, निदान आपली बोली, नीट कळत नाही. तो कोठे राहतो? आपल्याच चाळीत, आपणच बांधलेल्या दहा बाय दहाच्या खोलीत, चौघांच्या भागीत. महिन्याच्या महिन्याला तो आपल्याला भाडे देतो. त्याला आपण लग्नाची पत्रिका दिली का? यात्रेच्या दिवशी त्याला घाटावर नेले का? साहेबाला फेटा बांधताना जो हात पुढे होतो, तो या पोरापुढे पुरणपोळीचे ताट ठेवायला पुढे होतो का?

२०२० साली टाळेबंदी झाली, तेव्हा हीच मुले बोचकी डोक्यावर घेऊन आपल्या रस्त्यांनी पायी निघाली होती. पुष्कळ गावांनी त्यांना भाकरी दिली, पाणी दिले. त्या गावांचे नाव निघाले पाहिजे. पण पुष्कळ ठिकाणी, वर्षानुवर्षे आपल्या चाळीत राहिलेल्या मुलाचे नाव काय, गाव कोणते, हेही कोणाला सांगता आले नाही. भाडेकरू म्हणून तो वहीत होता. पाहुणा म्हणून तो कधी घरात आलाच नव्हता.

आपल्याकडे अतिथीला देव म्हणतात. पण अतिथी या शब्दाचा अर्थ काय? ज्याच्या येण्याला तिथी नाही तो. पत्रिका देऊन, मोटार पाठवून, फेटा बांधून ज्याला आणतो, तो आमंत्रित. न बोलावता, पोटासाठी आला, तो अतिथी. आता देव कोणाला म्हटले आहे, हे आपले आपणच ठरवावे. परदेशी साहेबाचा मान कमी करा, असे मी म्हणत नाही. त्याच्या शेजारच्या पाटावर या मुलालाही बसवा, एवढेच म्हणतो. एका पंगतीत दोघे बसले तर साहेबालाही आपला देश अधिक कळेल.

शेवटी माझ्या शिक्षक बंधुभगिनींना एक सूचना करतो. आपल्या शाळांतल्या कितीतरी मुलांचे आईबाप या कारखान्यांत आहेत, आणि वर्गात आता हिंदी, ओडिया बोलणारी मुलेही आहेत. सुटीनंतर शाळा भरेल तेव्हा मुलांना एक काम द्या. घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाला लग्नाविषयी दहा प्रश्न विचारायचे आणि उत्तरे वहीत लिहायची. हळद का लावतात? मांडवाला आंब्याचे डहाळे का? अंतरपाट का? मुलगी सासरी जाताना तिची ओटी कशाने भरतात? यात्रेतल्या घाटात घोडी पुढे का? परप्रांतातून आलेल्या मुलांनी आपल्या घरची उत्तरे लिहावीत. मग सगळ्या वह्या वर्गात वाचाव्यात. कोठे उत्तरे जुळतील, कोठे निराळी निघतील, आणि काही प्रश्नांची उत्तरे आजी-आजोबांनाही येणार नाहीत. हरकत नाही. विचारण्याची सवय लागली म्हणजे झाले.

आणि गावकरी मंडळींना सांगायचे ते असे. परदेशी पाहुण्याला आमंत्रण देताना मुहूर्ताची खरी वेळ सांगा. कार्यक्रमाला एक जाणता मुलगा किंवा मुलगी त्याच्या शेजारी बसवा, भाषा समजावून सांगायला. तो मांसाहारी असो, शाकाहारी असो, तिखट किती चालते ते आधी विचारा; आपल्या रश्श्याने पाहुण्याच्या डोळ्यांत पाणी आणण्यात मोठेपणा नाही. बायामाणसांचे फोटो विचारल्याखेरीज घेऊ नयेत, हे त्याला नम्रपणे सांगा. शहाणा माणूस ऐकतो. आणि त्याच्या घरची विचारपूस करा. तोही कोणाचा मुलगा आहे, कोणाचा बाप आहे. लग्नाच्या मांडवात बसल्यावर त्यालाही आपली माणसे आठवत असतात.

सव्वादोनशे वर्षांपूर्वी चिंचवडला दोन पाहुणे येऊन गेले. एकाने विचारले, एकीने नुसते पाहिले. दोघांचीही पुस्तके आज आहेत. आज आपल्या गावांतून रोज असे पाहुणे ये-जा करतात. ते काय घेऊन जातील, हे आपण त्यांना फेटा किती उंच बांधला यावर ठरणार नाही. त्यांच्याशी आपण काय बोललो, आणि त्यांच्या देखत आपल्या बैलाशी, आपल्या लेकीशी आणि आपल्या चाळीतल्या त्या पोराशी कसे वागलो, यावर ते ठरेल.